वीतभर आखूड पडदा

मी सांगलीत पडदे विकतो. खिडकीचे, दाराचे, देवघराचे, आणि ज्या दोन भावांना घरात भिंत घालायची नसते पण एकमेकांचं तोंडही बघायचं नसतं, त्यांच्या हॉलचे. या धंद्यात माझे केस पांढरे झाले, त्यामुळे पडद्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. तो समज कसा गेला, ते सांगतो.

आमच्या गावात संगीत नाटकांसाठी बांधलेलं एक जुनं थिएटर आहे. मधल्या काळात त्याचं सिनेमागृह झालं, मग धान्याचं गोदाम, मग निवडणुकीचं सामान ठेवायची जागा आणि शेवटी कबुतरांचं माहेर. लोकांनी मनावर घेतलं, समिती नेमली आणि ते पुन्हा उभं करायचं ठरवलं. छप्पर झालं, गॅलरीचे लाकडी कठडे पॉलिश झाले, माळ्यावर गुंडाळून ठेवलेले रंगवलेले पडदे सापडले. त्यात एक महाल होता, एक जंगल होतं, आणि एका पडद्यावर वाळवीनं महाल आणि जंगल यांचा बरोबर मध्य साधला होता. ते पडदे जपून ठेवण्यालायक होते, ओढण्यालायक नव्हते. पुढचा मोठा, दर्शनी पडदा नवा करावा लागणार होता.

समितीची मंडळी माझ्या दुकानात चहाला बसली होती. मुंबईचा कारागीर फार लांबची तारीख देत होता. सगळे काळजीत. आणि मी, बिस्किट चहात बुडवलेलं तसंच धरून, म्हणालो, "त्यात काय एवढं? पडदा म्हणजे पडदा. खिडकी जरा मोठी आहे, एवढंच."

बिस्किट कपात पडलं. तेव्हाच समजायला हवं होतं.

रंगमंचामागची जबाबदारी आमच्या सुभेदारांकडे होती. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या खटावकडचे, फौजेतून निवृत्त होऊन मुलाकडे सांगलीत आलेले. नाटक त्यांनी जन्मात फारसं पाहिलेलं नव्हतं, पण हुकूम झाला की पडदा उघडायचा आणि हुकूम झाला की मिटायचा, हे काम त्यांना फार पटलं होतं. थिएटरचा पडदा पेट न घेणारा असावा लागतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. ते माझ्या दुकानात आले.

"शेठ, ह्यो कपडा जळतो का?"

"छे हो! खास औषध मारलेली मखमल आहे. काडी लावून बघा."

त्यांनी बघितली. औषध मारलेला तुकडा माझ्या उजव्या खिशात होता आणि मी डाव्या खिशातला सोफ्याचा नमुना त्यांच्या हातात दिला होता. तो असा काही भडकला की काउंटरवरचं कॅलेंडर वाचवताना माझी बाही होरपळली. सुभेदारांनी पायाखाली आग विझवली आणि शांतपणे म्हणाले, "पडद्याचं ऱ्हाऊ द्या. सोफ्यावं कोण बसतंय त्यास्नी आदी सांगा."

पुढं खरा तुकडा जळला नाही, आणि काम माझ्याकडे राहिलं. पुण्याहून पडद्याची रूळपट्टी आणि मोटार आली. मोटार बसवणारे बसवून गेले, दोराला ताण देणारी वजनं मात्र यायची राहिली, म्हणून काही दिवस आम्ही मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याकडची वजनं बांधून काम चालवलं. तालमी करणारे त्या दिवसांत पिवळ्या हातांनी घरी जायचे.

आता बायकोविषयी सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट खरं तर तिची आहे. मी तिच्यात फक्त वीतभर आखूड पडतो.

ती साताऱ्याची. वडील फौजेत. शाळेत असताना तिचा आवाज ऐकून बाईंनी तिला नाटकात गायला निवडलं होतं. तिनं घरी विचारलं. वडील "नाही" म्हणाले. ती सांगते, "फौजेत एकदा नाही म्हटल्यावर परत विचारत नाहीत." मग तिनं परत विचारलं नाही. लग्न होऊन सांगलीत आल्यावर आम्ही स्कूटरवरनं त्या थिएटरवरून जायचो तेव्हा ती मान वळवून वळवून बघायची. थिएटरशेजारी भेळेची गाडी असायची. मला वाटायचं, हिला भेळ हवी आहे. मी उत्साहानं गाडी थांबवायचो. ती भेळ खायची, थिएटरकडे बघत. कितीतरी वर्षं तिनं ती भेळ खाल्ली. तिला भेळ मुळीच आवडत नाही, हे मला आत्ता आत्ता कळलं.

उद्घाटनासाठी समितीतल्या आमच्या प्राध्यापकांनी एक लहानसं नवं संगीत नाटक लिहिलं होतं, जुन्या घाटाचं. पडदा उघडतो तेव्हा मंडळी हात जोडून उभी, मधोमध सूत्रधार आणि त्याची जोडीदारीण नटी, आणि सगळे मिळून नांदी म्हणतात. सूत्रधार मिळाला होता, नटी मिळत नव्हती. तरुण मुलींना रील करायला वेळ होता, तालमीला नव्हता. एका दुपारी बायको माझा डबा घेऊन थिएटरात आली. तालीम चालली होती, नांदीचा वरचा सूर कुणाला लागत नव्हता. तिनं डबा पेटीवर ठेवला आणि उभ्या उभ्या तो सूर लावला.

प्राध्यापक पेटीपाशी गेले. "वहिनी, साठी झाली का हो तुमची?"

"झाली की. का?"

"काही नाही. नटी चिरतरुण असते."

अशी ती नटी झाली. आमच्या घरात त्या दिवसापासून भाजीला फोडणी सुरात बसायला लागली आणि मीठ बेसूर. तिनं पाठ केलं, गुडघ्याला तेल लावलं, टाचांच्या भेगांना व्हॅसलिन लावलं. तिला इतकं खुश मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. लग्नात तर नव्हतीच.

पण एक दिवस मेथी निवडता निवडता म्हणाली, "मी पळून जाईन हो."

"कुठं?"

"तिथनं. स्टेजवरनं. पडदा उघडल्यावरचं भ्या न्हाई मला. उघडला की उघडला, तवा कुठं पळता येतंय? आधीचं भ्या हाय. आत आपण उभं, बाहेर माणसं कुजबुजतायत, आणि मधे नुसतं कापड. बंद असतो तवरच पळता येतं."

"मग सुभेदारांना सांगू, लवकर उघडा म्हणून."

"ते तिसऱ्या घंटेशिवाय उघडतील व्हय?" ती हसली, आणि मग हसायची थांबली. "एकदा नाही झालं, तर परत न्हाई व्हायचं माझ्याच्यानं. एवढं एकदा मला तिथं उभी ऱ्हाऊ दे म्हणजे झालं."

मी म्हणालो, "पडदा माझा आहे. तू काळजी करू नकोस."

या वाक्यानंतर ती खरी काळजी करायला लागली असावी.

तर, माप. बाहेरगावच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. सांगलीत पूर येतो. कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात एकदा शिरलं, त्यांच्या घरी सगळं वर सरकतं. फ्रिज स्टुलावर जातो, प्लग छातीच्या उंचीवर येतात, आणि पडदा जमिनीला टेकवायचा कुणी शिवतच नाही. गिऱ्हाईक दुकानात येतं आणि मी विचारायच्या आत सांगतं, "वीतभर वर ठेवा." आता तर सांगतही नाही. मी उंची घेतो, मनातल्या मनात वीत वजा करतो आणि आकडा कारागिराला सांगतो. हात हे आपोआप करतो, जसा देवळावरून जाताना हात आपोआप छातीला जातो.

रंगमंचाची उंची मीच घेतली. मीच आकडा सांगितला. मखमल मीच समोर उभं राहून कापून घेतली, कारण महत्त्वाचं काम.

पडदा टांगला. खोल डाळिंबी रंग, चुण्या अशा की नजर बुडावी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोटार घर्रर्र करून चालली, पडदा दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध मिटला. मग सुभेदार पहिल्या रांगेत जाऊन बसले, थोडे खाली वाकले आणि म्हणाले, "शेठ, पडद्यामागं कोण हाय, सांगू का?"

"कोण?"

"पेटीवाला. चपलेचा आंगठा तुटल्याला."

खरोखर, पडद्याखाली रंगमंचाची वीतभर पट्टी उघडी होती आणि तिच्यात पेटीवाल्याचे पाय निवांत ताल धरत होते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी माणसानं चूक कबूल करावी. पण माझ्या तोंडात दुकान आहे. मी म्हणालो, "मखमल आहे ही. वजनानं उतरते. चार दिवस टांगली की जमिनीला टेकते."

हे वाक्य मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे. ते कधीच खरं झालेलं नाही. गिऱ्हाईक चार दिवसांनी परत येत नाही, एवढाच त्याचा पुरावा. समितीला मात्र पटलं. सुभेदार रोज येऊन फूटपट्टी लावायचे. मखमल काही उतरली नाही. उलट औषधानं आक्रसून ती किंचित वरच गेली असा त्यांना संशय होता, पण माझ्या भल्यासाठी ते बोलले नाहीत.

तोच रंग परत मागवायला वेळ नव्हता. पाहुण्यांची तारीख ठरलेली होती. शेवटी सुभेदारांनीच तोड काढली. रंगमंचाच्या कडेला झेंडूच्या कुंड्यांची रांग लावायची. "फौजेत कव्हर म्हनत्यात ह्येला," ते म्हणाले. कुंड्या लागल्या आणि पाय दिसेनासे झाले. मी सुटलो. बायकोला यातलं काहीच सांगितलं नाही. तिला कशाला उगीच घोर?

उद्घाटनाच्या संध्याकाळी ती घरूनच तयार झाली आणि मी तिला थिएटरात सोडलं. नऊवारी, नथ, दंडाला वाकी, पायाला आळता. आत जाताना ती म्हणाली, "किल्ली तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. ह्या लुगड्यात कुठं ठेवू?" घराची किल्ली मी खिशात टाकली. विट्याच्या माझ्या मावसभावाचं दूरवर कुठल्याशा शहरात सोनं गाळायचं दुकान आहे, त्यानं दिवाळीला वाटलेलं पिवळंधमक प्लॅस्टिकचं किचेन त्या किल्लीला आहे. ते खिशातही मावत नाही.

मी दुसऱ्या रांगेत बसलो. पहिल्या रांगेत पाहुणे आणि मान्यवर. भाषणं झाली, शाली झाल्या, नारळ झाले. मग वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर पुढं आले. त्यांना पाहुण्यांचा पडद्यासमोर फोटो हवा होता आणि मधे झेंडू येत होता. त्यांनी अतिशय तत्परतेनं कुंड्या उचलून बाजूला नेल्या, फोटो काढले आणि आपल्या जागी गेले. कुंड्या बाजूलाच राहिल्या.

पहिली घंटा झाली. दिवे मंदावले, पडद्यामागचे दिवे लागले आणि माझी वीत लखलखली.

आधी सूत्रधाराच्या लाल मोजड्या आल्या. मग झांजवाल्याचे पाय, मग मृदंगवाल्याचे, मोजे घातलेले. पाठीमागं कुणीतरी खुसखुसलं. "आरं, ह्यो मोजेवाला कोण रं? नांदीला मोजं घालून?" हसू रांगारांगांतून मागं गेलं. मी खुर्चीत वितीवितीनं खाली सरकत होतो. मग मधोमध तिचे पाय आले. आळता लावलेले, जोडव्यांचे, वरवंटा पडून कधीकाळी वाकडी झालेली डावी करंगळी. ते पाय मी कुठंही ओळखीन. खाली मान घालून बोलणी खायची सवय असलेल्या नवऱ्याला बायकोचे पाय चांगले पाठ असतात.

दुसरी घंटा झाली.

पाय नीट उभे होते. मग उजवा पाय डाव्यावर चढला. उतरला. मग दोन्ही मागं गेले. परत जागेवर आले. मग एकदम वळले. आता मला टाचा दिसत होत्या, व्हॅसलिननं चमकणाऱ्या, आणि त्या उजव्या विंगेकडे निघाल्या होत्या.

सुभेदार डाव्या विंगेत, बटणावर हात ठेवून. त्यांना काही दिसणार नव्हतं. तिसरी घंटा झाली की ते उघडणार, मधोमध जागा रिकामी असली तरी उघडणार. आणि ती रिकामी जागा ती मग जन्मभर बघत राहणार.

मी उठलो. काय करणार आहे, मला माहीत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या मान्यवरांच्या गुडघ्यांना घासत मी पुढं गेलो. रंगमंच छातीच्या उंचीचा. त्या कडेवर मी दोन्ही हात टेकले आणि मान खाली घालून पडद्याच्या फटीशी तोंड नेलं.

"अगं ए! कुठं निघालीस?"

टाचा थांबल्या.

"अहो?" आवाज अगदी बारीक. "कुठनं बोलताय?"

"खालनं. पडदा आखूड आहे."

पाय लगबगीनं माझ्याकडे आले. मग लुगड्याचा घोळ खाली बसला आणि फटीत नथ आणि दोन काजळलेले डोळे दिसले. डोळ्यांत पाणी होतं, पण मला बघून त्यात थोडा राग मिसळला आणि मला बरं वाटलं.

"कुठं चाललीस म्हणतो मी?"

"घरी. मला न्हाई जमायचं."

"जा की. किल्ली माझ्याकडं आहे."

तिनं नथ सांभाळून नाक ओढलं. मी पुढं म्हणालो, "आणि मी नाटक संपल्याशिवाय यायचो नाही. पायरीवर बसावं लागेल, ह्या अवतारात. समोरचे लोक विचारतील."

"हे सगळ्यांना दिसतंय व्हय? पाय?"

"सगळ्या गावाला."

"माझ्या भेगा?"

"शेवटच्या रांगेपर्यंत."

तिनं असं काही बघितलं माझ्याकडे! त्या नजरेत भीतीला जागाच उरली नव्हती. "उठा आधी," ती म्हणाली. "घरी चला मग सांगते." नथ वर गेली. पाय ताड ताड मधोमध गेले आणि फरशीत रोवल्यासारखे उभे राहिले.

आणि तेवढ्यात मला मागं टाळ्या ऐकू आल्या.

मी मान वर केली. शेजारी, माझ्या डाव्या हाताला, मुख्य पाहुणे रंगमंचाच्या कडेवर डोकं टेकवून उभे होते. त्यांच्या पलीकडे प्राचार्य. त्यांच्या पलीकडे डॉक्टर. मी पुढं येऊन रंगदेवतेपुढं माथा टेकवला असं सगळ्यांना वाटलं होतं. एका पडदेवाल्याला जी भक्ती सुचते ती आपल्याला सुचू नये, हे पाहुण्यांना सहन झालं नाही आणि त्यांच्यामागून सगळी पहिली रांग उठून आली होती. लोक भारावून टाळ्या वाजवत होते. मागं कुणीतरी डोळे पुसत होतं म्हणे.

तिसरी घंटा झाली. सुभेदारांनी बटण दाबलं. पडदा उघडला तेव्हा सगळे मान्यवर वाकलेलेच होते, आणि त्यांच्या माथ्यांवरून माझ्या बायकोचा पहिला सूर असा गेला की त्यांना वर बघायची लाज वाटावी. पहिलाच सूर थोडा चढा लागला. ती म्हणते, तो रागाचा होता. प्राध्यापक म्हणतात, तो षड्ज होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा फोटो. रंगभूमीपुढं मान्यवर नतमस्तक. मी टोकाला आहे, तोंड उघडं. तेव्हापासून आमच्या थिएटरात प्रथाच पडली आहे. प्रयोगाआधी पाहुणे येतात आणि रंगमंचाच्या कडेवर माथा टेकवतात. ही परंपरा फार जुनी आहे असं सूत्रसंचालक सांगतात. मीही मान डोलावतो. परंपरेच्या विरोधात जायला माझी दुकानदारी परवानगी देत नाही.

घरी गेल्यावर मला जे ऐकून घ्यावं लागलं, ते माझ्यापाशीच राहू दे. त्यातला व्यवहाराचा भाग एवढाच, की "परत माझ्या भेगा गावाला दिसल्या तर तुम्ही त्या दुकानातच झोपायचं." मी मखमलीची पट्टी मागवली. अर्थातच रंग जुळला नाही. ओल्या विटेच्या भिंतीला खाली गेरू लावावा तसा आता आमचा पडदा दिसतो. पण तो जमिनीला टेकतो. सांगलीत जमिनीला टेकणारा मी शिवलेला हा एकमेव पडदा.

सुभेदारांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "झ्याक झालं. पर शेठ, लय मजा ग्येली."

लोकांच्या आग्रहाखातर दुसरा प्रयोग ठरला. निघताना ती दारात थांबली आणि हात पुढं केला.

"किल्ली द्या."

मी तिच्याकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.

"ह्या लुगड्यात कुठं ठेवणार?"

"ते मी बघते. तुम्ही द्या."

मी दिली. नवऱ्यानं काय करायचं असतं दुसरं?

दुसरी घंटा झाली तसा मी पुढं जाऊन, आता परंपरेप्रमाणे, माथा टेकवला. समोर नुसती मखमल. पाय नाहीत, जोडवी नाहीत, टाचा कुठल्या दिशेला आहेत ते कळायला काही मार्ग नाही. मी हळूच विचारलं, "आहेस का गं?"

आतून सुभेदारांचा आवाज आला. "जागंवर बसा शेठ. घंटा द्याची हाय."

मी जागेवर येऊन बसलो. त्या पट्टीकडे इतक्या भीतीनं मी कधी कुठल्या कापडाकडे बघितलं नव्हतं. तिच्याकडे किल्ली होती. रिक्षा बाहेर उभ्या होत्या.

तिसरी घंटा झाली. मोटार घर्रर्र करून चालली. पडदा मधोमध फाकला.

ती मधोमध उभी होती. हात जोडलेले, मान ताठ, पहिल्याच दिव्यात लखलखणारी. आणि तिच्या कमरेला, त्या जुन्या काळातल्या नटीच्या नऊवारीच्या ओच्याला, आमच्या घराची किल्ली खोचलेली होती आणि मावसभावाचं पिवळंधमक प्लॅस्टिकचं किचेन दिव्यात असं चमकत होतं की मागच्या गॅलरीतूनही त्याच्या दुकानाचा फोन नंबर वाचता आला असता.

माझ्या मागच्या खुर्चीतून प्राध्यापकांनी माझा खांदा गच्च धरला. "शेठ, ते काय आहे वहिनींच्या कमरेला?"

"दागिना," मी म्हणालो. "नाटकाच्या काळातला."